जुनी वेगवान मोटार : ठेव की हौस?

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादने, साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले होते. शहरातील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज गाड्यांची खरेदी एकदम केली. व्यवहार ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश रक्कम सात टक्के व्याजाच्या बँककर्जातून उभी राहिली होती. पाण्याच्या टँकरसाठी ज्या भागाचे नाव वृत्तपत्रांत येई, तो भाग अचानक ऐश्वर्यासाठी गाजला. काहींनी त्यात मागासलेपणाचा शिक्का पुसला गेल्याचे समाधान मानले. काहींनी ट्रॅक्टरसाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याच्या व्याजदराकडे बोट दाखविले. तो वाद आता जुना झाला. मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक निराळा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे. त्या गाड्यांचे पुढे काय झाले, हा नव्हे. तर त्यांत गुंतलेल्या पैशाचे काय झाले, हा.

हिशेब अवघड नाही. ६५ कोटींना १५० ने भागले असता एका गाडीमागे सरासरी ४३ लाख रुपये येतात. आयकराच्या नियमांत मोटारीसाठी मान्य असलेला दरसाल १५ टक्के घसारा उरलेल्या किमतीवर लावत गेल्यास पंधरा वर्षांनी ४३ लाखांचे पावणेचार लाख उरतात. तेच ४३ लाख सात टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तर त्याच काळात सुमारे एक कोटी वीस लाख झाले असते. सोन्याची तुलना तर अधिकच झोंबणारी आहे. २०१० च्या ऑक्टोबरात दहा ग्रॅम सोने वीस हजार रुपयांच्या आसपास होते. २०२५ च्या ऑक्टोबरात ते एक लाख वीस हजारांच्या पुढे गेले. अर्थात गाडी घेणाऱ्याने ती वापरली, मिरवली, तिचा उपभोग घेतला. उपभोगाची किंमत मोजावीच लागते. तेव्हा त्या खरेदीला चैन म्हणावे, शान म्हणावे. तिला कोणी गुंतवणूक म्हणू नये, एवढेच.

परंतु अलीकडे नेमका हाच शब्द निराळ्या प्रकारच्या मोटारींना लावला जाऊ लागला आहे. साधी गाडी झिजते आणि स्वस्त होते हे मान्य. पण वेगासाठी, चालविण्याच्या आनंदासाठी बांधलेली जुनी गाडी आज घेऊन ठेवली, तर पंधरा-वीस वर्षांनी ती संग्राहकांच्या पसंतीची होईल आणि दामदुप्पट देईल, असे सांगणारा एक वर्ग तयार झाला आहे. जुन्या मोटारींचे दलाल हे सांगतात, त्यात नवल नाही. नवल याचे, की नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला, प्रसंगी भविष्य निर्वाह निधीला हात घालण्याच्या विचारात असलेल्या शिक्षकालाही ते पटू लागले आहे. म्हणून या समजुतीची नीट तपासणी होणे आवश्यक आहे.

टंचाई कायद्याची

जुनी गाडी नव्याच्या भावाने, किंबहुना नव्याहून अधिक भावाने विकली जाते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतक स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. नंबर लागलेला माणूस ती स्कूटर दुसऱ्या दिवशी विकून नफा कमवू शके आणि काही वर्षे वापरलेल्या स्कूटरलाही कोऱ्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून जास्त पैसे मिळत. हुंड्याच्या बोलणीत तिला स्थान मिळाले ते याच कारणाने. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराचे औद्योगिक नशीब पालटले, त्यामागेही अतृप्त मागणीचा हा प्रचंड साठाच होता.

पण ती किंमत स्कूटरच्या गुणांची नव्हती. ती परवान्याची होती. किती वाहने तयार करावयाची हे सरकार ठरवीत होते आणि म्हणून जुन्या वाहनाला दुर्मीळतेचे मोल येत होते. १९९१ नंतर परवाना पद्धती गेली, १९९३ मध्ये मोटारींचे उत्पादनही खुले झाले, आणि वापरलेल्या वाहनावरील तो अधिमूल्याचा मुलामा काही वर्षांत उडून गेला. २००५ च्या सुमारास जुन्या चेतकचे उत्पादन थांबले, तेव्हा तिच्यासाठी रांग लावणारे कोणी उरले नव्हते. कायद्याने निर्माण केलेली टंचाई कायद्यानेच संपते, हा यातील पहिला धडा.

हा धडा आजच्या संग्राहकानेही विसरू नये. भारतात जुन्या परदेशी मोटारींचे भाव चढे राहिले, याचे एक मोठे कारण आयातीवरील निर्बंध हे होते. १९५० पूर्वी तयार झालेल्या गाड्यांपुरतीच सवलत दीर्घकाळ होती. २०२५ मध्ये केंद्राने हे धोरण बदलून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी दार उघडले. साठच्या दशकातील एखादी ब्रिटिश किंवा इटालियन दोन आसनी गाडी देशात मोजकीच आहे, या भरवशावर ज्याने पैसे गुंतविले, त्याचा भरवसा एका अधिसूचनेने पातळ झाला.

शेंद्र्याची वेगवान गाडी

या शहराशी थेट नाते असलेले उदाहरण घ्यावयाचे तर ते शेंद्रा औद्योगिक वसाहतीत सापडते. चेक कंपनी स्कोडाने २००१ मध्ये येथे ऑक्टेव्हिया जुळविण्यास प्रारंभ केला आणि २००४ मध्ये तिची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती भारतात आणली. १.८ लिटरचे टर्बो-पेट्रोल इंजिन, सुमारे १५० अश्वशक्ती, आणि बाहेरून पाहता कुटुंबाची सभ्य चार दारांची गाडी, असे तिचे रूप होते. काटेकोर व्याख्येत ती स्पोर्ट्स कार ठरणार नाही. परंतु ज्या काळात भारतीय ग्राहक गाडीबद्दल पहिला प्रश्न ‘लिटरला किती देते’ हा विचारीत असे, त्या काळात या गाडीने एका पिढीला वेगाची गोडी लावली. आज तिचे भक्त देशभर आहेत आणि सुस्थितीतील गाडी पाहण्यासाठी ते परगावी प्रवास करतात.

या भक्तीचा लाभ कंपनीलाही झाला. २०१७ मध्ये आलेल्या आरएस-२३० गाडीची किंमत २५ लाखांच्या आत होती. २०२० मध्ये आरएस-२४५ च्या केवळ २०० गाड्या सुमारे ३६ लाखांना आयात करून विकल्या गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये केवळ १०० गाड्या आल्या, किंमत जवळजवळ ५० लाख, आणि त्या सर्व आगाऊ नोंदणीतच संपल्या. नव्या गाडीची किंमत आठ वर्षांत दुप्पट झाली की जुनीलाही तिच्या सावलीत भाव येतो, हे खरे. ज्यांनी २०१७ ची गाडी जपून वापरली, त्यांचे नुकसान इतर गाड्यांच्या मालकांपेक्षा कमी झाले, असे म्हणता येईल. मात्र नुकसान कमी होणे आणि नफा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दलालाच्या बोलण्यात त्या दोन्ही बेमालूम एक होतात.

दुर्मीळता पुरेशी नाही

‘थोड्याच तयार झाल्या, म्हणून मौल्यवान’ हे सूत्र वारंवार ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. १९९८ च्या सुमारास गोव्यातील सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, छप्पर उघडता येणारी छोटी गाडी बाजारात आणली. रेनोचे सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन, फायबरची काया. ती अत्यल्प संख्येने विकली गेली. पुण्याजवळ तळेगावात तयार होणारी ‘अवंती’ २०१२ च्या वाहन प्रदर्शनात झळकली, तेव्हा भारताची स्वतःची स्पोर्ट्स कार म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली. एकाच गाडीची अनेक ठिकाणी नोंदणी करून तिच्यावर अनेक कर्जे उचलल्याचा आरोप त्या प्रकरणात करण्यात आला. न्यायालयात काय ठरेल ते ठरो. पण ज्या गाडीच्या कागदपत्रांभोवतीच संशय निर्माण होतो, तिच्या दुर्मीळतेला ग्राहक किती किंमत देईल, हा साधा प्रश्न आहे.

उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० ही मोटारसायकल पेट्रोल फार पिते म्हणून नाकारली गेली आणि दशक संपता संपता बंदही पडली. तीच आज संग्राहकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असते. १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स-१०० तर दुर्मीळही नव्हती. तालुक्याच्या गावापर्यंत ती पोहोचली होती. तरी तिला आज मागणी आहे, कारण त्या वेळी शाळा-महाविद्यालयांत असलेली, ती हवी असूनही न मिळालेली मुले आता पन्नाशीला टेकली असून त्यांच्या हाती पैसा आला आहे. संग्राह्य वाहनाचे मोल हे बहुतांशी एका पिढीच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेचे मोल असते. ती पिढी सरली की इच्छाही सरते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक मोटारींबाबत पाश्चात्य बाजारात हेच घडताना दिसते. त्या लहानपणी पाहिलेले ग्राहक काळाच्या पडद्याआड गेले आणि मागणी ऐंशी-नव्वदच्या दशकांतील गाड्यांकडे वळली.

शिखर आणि दरी

या समजुतीला खतपाणी मिळते ते जागतिक लिलावांच्या बातम्यांतून. १९६२ ते १९६४ या काळात ज्या अवघ्या ३६ तयार झाल्या, त्या फेरारी २५० जीटीओ मोटारींपैकी एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. मे २०२२ मध्ये १९५५ च्या मर्सिडीज ३०० एसएलआर कूपेला साडेतेरा कोटी युरो मिळाले. जगात तिची एकच जोडीदारीण आहे. अशा बातम्या वाचून साध्या गाडीच्या मालकाचेही डोळे दिपतात. पण त्याच फेरारींचा दुसरा इतिहास फारसा सांगितला जात नाही. १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले. त्यानंतर जपानी पैशाच्या ओघात त्यांच्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले आणि १९९० नंतर जपानचा फुगा फुटताच ते निम्म्याच्याही खाली कोसळले. शिखरावर खरेदी केलेल्यांना मूळ रक्कम दिसण्यासाठी कितीतरी वर्षे थांबावे लागले.

शिवाय या बातम्या जिंकलेल्यांच्या असतात. ज्या हजारो गाड्या गंजून भंगारात गेल्या, त्यांचा लिलाव होत नाही आणि त्यांची बातमीही येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९८६ मध्ये चित्रांच्या तीन शतकांतील विक्रीचा अभ्यास केला, तेव्हा महागाई वजा जाता वार्षिक परतावा अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. जी चित्रे टिकली आणि पुन्हा विकली गेली त्यांचा हा परतावा आहे. चित्राला पेट्रोल लागत नाही, त्याचे रबर कडक होत नाही, त्याला आरटीओची पायरी चढावी लागत नाही. मोटारीला हे सारे लागते.

खर्चाचा विसरलेला रकाना

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. जुनी वेगवान गाडी पाच लाखांना घेतली. विमा, जागा, दुरुस्ती, सुटे भाग यांवर वर्षाला सरासरी चाळीस हजार रुपये खर्च झाले. पाच लाखांवर सात टक्के चक्रवाढ व्याज धरल्यास दहा वर्षांत ९ लाख ८४ हजार होतात. वार्षिक खर्चाची रक्कम त्याच दराने साठत गेली असती, तर तिचे साडेपाच लाख झाले असते. म्हणजे दहाव्या वर्षी ती गाडी १५ लाखांहून अधिक किमतीला गेली, तरच मालक ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. यासाठी गाडीचा भाव दरसाल सुमारे बारा टक्क्यांनी, तोही अखंड दहा वर्षे, वाढला पाहिजे. मालकाच्या रविवारच्या श्रमांची मजुरी यात धरलेलीच नाही.

त्यात कायद्याची भर आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्यासाठीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. पर्यावरण कर निराळा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते; पण तिचा वापर प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरताच मर्यादित आहे. २००४ च्या आरएस मोटारीला हा मान २०५४ मध्ये मिळेल. तोवर ‘एमएच-२०’ पाटीच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या चाळणीतून जावे लागेल, आणि प्रत्येक वेळी शुल्क व प्रदूषणाचे निकष काय असतील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. मराठवाड्याच्या ऊसउत्पादकाला त्यातून दोन पैसे मिळत असतील, तर ते स्वागतार्हच आहे; परंतु वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंप त्या इंधनासाठी बनविलेले नव्हते, हेही खरे.

सर्वांत नाजूक बाब माहितीची आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० मधील प्रसिद्ध निबंध जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन लिहिलेला आहे. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि बाजारात निकृष्ट मालच उरतो. वेगवान गाडीच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद होते, कारण ती बहुधा दामटलेली असते. मीटर मागे फिरविलेला आहे काय, इंजिन मूळचेच आहे काय, अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग कितपत झाले, हे जाणणारा मिस्त्री सोबत नसेल, तर हौशी ग्राहक नागविला जाण्याचीच शक्यता अधिक.

पैठणीचा न्याय

याच जिल्ह्यातील पैठणच्या पैठणीशी तुलना केली, तर फरक स्पष्ट होतो. जुनी पैठणी विरली, फाटली, तरी तिच्या जरीतील सोन्या-चांदीला वजनावर किंमत मिळे. त्या वस्तूच्या मोलाला खाली एक आधार होता. मोटारीच्या मोलाला असा आधार एकच, भंगाराच्या काट्याचा. त्यावरचे सर्व मोल माणसांच्या आवडीवर, सुट्या भागांच्या उपलब्धतेवर आणि सरकारच्या मर्जीवर तरंगत असते. संसाराची शिल्लक अशा तरंगत्या वस्तूवर ठेवणे मध्यमवर्गीयाला परवडणारे नाही.

यावर एक आक्षेप येईल, की सर्वच गोष्टी रुपयांत मोजावयाच्या काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रस्तुत युक्तिवादाच्या विरोधात जात नाही. ज्याला जुन्या गाडीची खरी ओढ आहे, त्याने ती अवश्य ठेवावी. सहलीवर झालेला खर्च परत मिळत नाही म्हणून कोणी सहली सोडत नाही. घातक आहे ते हौसेला ठेवीचे नाव देणे. हौस म्हणून केलेला खर्च माणूस ऐपतीत ठेवतो. गुंतवणूक म्हटली की तोच माणूस कर्ज काढतो. शब्द बदलला की हात सैल होतो.

खरे संग्राह्य मूल्य आहे ते शहराच्या पातळीवर. म्लादा बोलेस्लाव या चेक गावात स्कोडाचे संग्रहालय असून १८९५ पासूनच्या उद्योगाची स्मृती तेथे जपलेली आहे. छत्रपती संभाजीनगरला सातवाहनांपासून मोगलांपर्यंतच्या वस्तू जपण्याची जाण आहे. परंतु चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे गेल्या काही दशकांत जे तयार झाले, ज्यावर हजारो कुटुंबे उभी राहिली, त्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची सवय अद्याप लागलेली नाही. वाळूजची पहिली दुचाकी, शेंद्र्याची पहिली ऑक्टेव्हिया, तिची आरएस आवृत्ती, आणि त्यांच्या जोडीला ती जुळविणाऱ्या कामगारांची हत्यारे व आठवणी, एवढे जरी एका छपराखाली आले, तरी त्याचे मोल कोणत्याही लिलावाने ठरणार नाही. कारखाने, महापालिका आणि विद्यापीठ यांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे आणि ते आज करण्याजोगे आहे. उद्या त्या गाड्या भंगारात गेलेल्या असतील.

त्याहूनही निकडीची गोष्ट कौशल्याची. जुनी गाडी टिकते ती मालकाच्या प्रेमामुळे कमी आणि गॅरेजमधील जाणत्या हातांमुळे अधिक. कार्ब्युरेटर कानाने जुळविणारा, सुटा भाग मिळत नसेल तर लेथवर घडवून देणारा कारागीर आता वृद्ध होत चालला आहे. आणि संगणक लावून दोष वाचणाऱ्या नव्या पिढीला ते शिकविण्याची सोय नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी असा छोटा अभ्यासक्रम काढला, तर काही तरुणांना व्यवसाय मिळेल आणि हौशी मालकांना आधार. ज्याला जुन्या वेगवान गाड्यांतून खरोखर उत्पन्न मिळवावयाचे आहे, त्याने गाडी विकत घेण्याऐवजी ती दुरुस्त करण्याची विद्या मिळवावी, असा सल्ला अर्थशास्त्र देईल. गाडीला घसारा लागतो. विद्येला लागत नाही.